मेनू पळतो

मयूर विहार
६ ऑक्टोबर २०२४

चि. कृतिका,

आशीर्वाद आधी, तक्रार मागाहून.

विषय: मेनू पळतो.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर तू ते हलकं लिनक्स बसवून दिलंस त्याला वर्ष होऊन गेलं, आणि आल्यागेल्याला मी ते कौतुकाने दाखवत आलो. पडद्यावर एक चित्र नाही, कुठे काही उड्या मारत नाही, उजवं बटण दाबलं की मेनू हजर. त्या मेनूची फाइलही कशी सरळ: एका ओळीत आधी नाव, मग स्वल्पविराम, मग कोणता प्रोग्राम चालवायचा त्याचा हुकूम. सगळी नोकरी सरकारी कचेरीच्या संगणक विभागात युनिक्ससमोर काढलेल्या माणसाला आणखी काय लागतं? पण ऑगस्टमध्ये तू मुनिरकात बसून माझ्या यंत्रावर काहीतरी अपडेट केलंस आणि तेव्हापासून मेनूच्या अंगात आलंय.

लक्षणं लिहितो. बाण ‘शेजार’ या नावावर नेला की बाजूला पोटमेनू उघडतो. त्यात ‘नवा अंक’ आहे. बाण तिकडे न्यावा तर वाटेतच पोटमेनू मिटतो आणि खालचा भलताच उघडतो. मागे फिरावं तर सगळाच गडप. परवा ‘नवा अंक’ उघडायला गेलो आणि रेडिओ लागला. त्यावर कीटकनाशकांची माहिती चालली होती. ती तुझ्या वासंतीकाकूने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, बरं झालं, कढीलिंबावर मावा पडलाच होता.

हसण्यावारी नेऊ नकोस. ‘शेजार’ म्हणजे आपल्या भागातल्या मराठी घरांचं चार पानांचं पत्रक. कोण निवृत्त झालं, कोणाकडे नातू आला, कोणाला गॅसची जुनी शेगडी द्यायची आहे. छोटं काम आहे, पण माझं आहे. जानेवारीच्या अंकाला या वेळी आणखी एक कारण आहे. मानस नाताळच्या सुट्टीत बंगळूरहून येतो आहे. त्याचं टुमणं तुला माहीत आहे: बाबा, आता दिल्ली आवरा आणि माझ्याकडे चला. मी त्याला सांगितलंय की ये, माझ्या शेजारी खुर्ची टाकून बस, आणि अंक मी एकटा काढतो की नाही ते डोळ्यांनी बघ. निघाला तर विषय बंद. नाही निघाला तर मी त्याला काय तोंड दाखवणार? मला दिल्ली सोडायची नाही, कृतिका. इथे मला दूधवाला नावाने ओळखतो. तिथे मी मानसचे बाबा म्हणून बाल्कनीत बसेन.

तेव्हा मेनू नीट कर. येण्याची तसदी घेऊ नकोस, पत्राने होण्यासारखं काम आहे. फोनवर मला ही भानगड समजावता येत नाही.

श्रीरंगकाका


मुनिरका
८ ऑक्टोबर

काका, नमस्कार.

‘येण्याची तसदी घेऊ नकोस’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं माहितीये? गणपतीला आले नाही म्हणून तुम्ही रागावलात ना? माझ्या गाइडने त्याच आठवड्यात सेमिनार लावला, मी काय करणार होते? बाकी काही बोला, पण ये म्हणू नका असं करू नका यार. आई-बाबा गुवाहाटीला. इथे खोलीच्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत हाताला लागते, आणि खाली पाण्याची मोटर दिवसभर घरघरते. थीसिसचं एक पान लिहिते आणि उठून उभी राहते. दिल्लीत मला घर म्हणून जायला तुमचं एकच आहे.

अच्छा, आता मेनू. ‘पोटमेनू’ शब्द भारी आहे, मी चोरला.

अकरावी-बारावीत तुमच्याकडे राहायचे तेव्हा एकदा मी तुमचा अख्खा मेनू उडवला होता आणि रडत बसले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, माणसाचं चुकत नसतं, फाइलचं चुकतं. आधी फाइल बघ. मी तेच केलं. तुमची फाइल उघडून नीट वाचली. बाण नावावरून हलला रे हलला की पोटमेनू लगेच मिटतो, कारण थांबायची वेळ फार कमी ठेवलेली आहे. ती वाढवली. प्रत्येक नावाची पट्टीही दुप्पट उंच केली, म्हणजे बाणाला मोठी जागा मिळेल. नवी फाइल सोबत जोडली आहे. जुन्या फाइलच्या जागी ठेवा आणि एकदा बाहेर पडून परत आत या.

अपडेटमुळे झालं असेल तर सॉरी. काकूला सांगा, मला तिचं थालीपीठ स्वप्नात दिसतं.

कृतिका


मयूर विहार
१५ ऑक्टोबर

चि. कृतिका,

फाइल बसवली. आता पट्ट्या रेल्वेच्या डब्याएवढ्या दिसतात. बाण तरीही सुटतो. फरक एवढाच की आधी बारीक चूक व्हायची, आता ठळक होते.

माझा संशय माउसवर आहे. मी धरलेला असतो एकीकडे आणि बाण जातो दुसरीकडे. खाली जाड कापड घातलं, पुठ्ठा घातला, वासंतीचा पोळपाट घालून पाहिला. पोळपाटावरून घरात बोलणं झालं ते लिहीत नाही.

आणखी एक. कीबोर्डही बिघडलेला दिसतो. एक अक्षर दाबलं की दोन उमटतात. आत चिवड्याचा दाणा गेला असणार. हे पत्र लिहून मग जास्तीची अक्षरं वेचत बसलो, तांदळातले खडे वेचतात तसा. म्हणून पत्र छोटं.

गणपतीचा आणि मेनूचा संबंध नाही. मी रागावलेलो नाही. रागावलो असतो तर लिहिलं असतं.

श्रीरंगकाका


मुनिरका
२० ऑक्टोबर

काका,

‘रागावलेलो नाही’ हे तुम्ही जेव्हा लिहिता तेव्हा तुम्ही रागावलेले असता. बारावीच्या निकालाच्या दिवशीही हेच म्हणाला होतात.

चलो. नवा माउस पाठवला आहे. जरा वजनदार आहे, हातात बसतो. नवा कीबोर्डही त्याच खोक्यात आहे, दाण्याचा प्रश्न मिटला. आणि मेनूतले सगळे पोटमेनू काढून टाकले. आता एकच सरळ मेनू: शेजार, फोटो, छपाई, रेडिओ, टपाल, बंद. बस. आत शिरायचं नाही, बाहेर यायचं नाही. तो बाणाजवळही उघडणार नाही, दर वेळी पडद्याच्या मधोमध उघडेल. बाहेर क्लिक झालं तरी मिटणार नाही. मुद्दाम ‘बंद’ म्हणाल तेव्हाच जाईल. यातून बाण कसा पळतो ते मला बघायचंच आहे. तुमच्याच नियमाने चालले आहे काका, फाइलमध्ये जिथे जिथे चूक असू शकते तिथे हात घातला.

तरीही नाही झालं तर मी शनिवारी येते. तासाभराचं काम आहे. समोर बसून पाहिलं की लगेच कळेल.

कृतिका


मयूर विहार
२३ ऑक्टोबर

कृतिका,

शनिवारी येऊ नकोस. हवा बघ. समोरचं मैदान दिसत नाही, वासंतीने खिडक्यांना ओले टॉवेल लावलेत. अशा हवेत एवढ्या लांब मेट्रोने यायचं आणि खोकत परत जायचं, कशासाठी? दिवाळीतही हवा अशीच असणार, तेव्हाही राहू दे. फराळ पोचवतो.

माउस मिळाला. चांगला आहे. मेनू मधोमध उघडतो, जात नाही, सगळं तू म्हणतेस तसं. मी ‘शेजार’ म्हणतो, तो ‘फोटो’ उघडतो. मी ‘फोटो’ म्हणतो, तो ‘बंद’ होतो. मानसचं येणं दोन महिन्यांवर आलंय आणि मी अजून पहिल्या पानावर आहे.

मला मदत हवी आहे, भेट नको. होत नसेल तर तसं सांग, मी दुसऱ्या कोणाला तरी विचारतो.

श्रीरंग


मयूर विहार
दिवाळी पाडवा

प्रिय कृतिकास,

डब्यात खाली कागदाखाली ही चिठ्ठी आहे, फेकू नकोस. वरच्या मजल्यावरची अवनी तुझ्याच विद्यापीठात होस्टेलवर असते, तिच्याबरोबर पाठवते आहे. चकल्या वरच्या थरात, करंज्या खाली. शंकरपाळे थोडे जास्त भाजले गेले, गोड मानून घे.

तू आली नाहीस तर घर ओकंओकं वाटलं. ह्यांना म्हटलं, पोरीला बोलवा, तर म्हणाले तिला अभ्यास आहे. तुमचं दोघांचं एवढं पत्र पत्र चाललेलं असतं, तुला त्यांनी सगळं लिहिलंच असेल, म्हणून मी वेगळं सांगत नव्हते. पण आता हात जास्तच हलायला लागलाय गं. उजवा. आधी नुसतं बोट हलायचं, मला वाटायचं तबला वाजवतायत. आता सदऱ्याची बटणं मी लावते. आमटी भाताबरोबर खात नाहीत, कोरडं मागतात, म्हणजे सांडायला नको. डॉक्टर म्हणाले पार्किन्सन आहे, सुरुवात आहे, गोळ्यांनी बरीच वर्षं नीट जातील. ते ऐकून हे घरी आले आणि कॉम्प्युटरपुढे बसले ते उठेनात.

मानसला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली आहे मला. त्याला कळलं की तो उचलून घेऊन जाईल म्हणतात. मला विचारशील तर माझंही इथून पाऊल निघत नाही. पण लपवून किती दिवस राहणार? तो येईल तेव्हा काय डोळे मिटून येणार आहे?

त्यांच्या यंत्राचं तू काय ते बघतेस ना, ते होऊ दे लवकर. चिडचिड फार वाढलीये. मेनू मेनू करून घर डोक्यावर घेतात. रात्रीचं जेवण गार होतं.

डबा परत आण. स्वतः आण.

वासंतीकाकू


मुनिरका
३ नोव्हेंबर

काकू,

त्यांनी मला यातलं काहीही लिहिलं नव्हतं. एक अक्षर नाही. मी त्यांना माउस पाठवत बसले.

तुझी चिठ्ठी वाचली आणि डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. मग खूप रडले. मला वाटत होतं ते माझ्यावर रुसलेत. मला यायला नको म्हणत होते ते मी त्यांचा हात बघीन म्हणून. आणि मी इतकी मूर्ख, फाइलच तपासत राहिले, कारण त्यांनीच शिकवलं होतं की माणसाचं चुकत नसतं.

मला कळलंय हे त्यांना सांगू नकोस, प्लीज. मी बघते काय करायचं ते. मेनूचं नक्की होईल, बाकीचं मला माहीत नाही. शंकरपाळे छान झालेत, संपले.

कृतिका


मुनिरका
६ नोव्हेंबर

काका, नमस्कार.

दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नाही. उत्तर सापडलं आणि माझ्या गरजेतून सापडलं. थीसिस टाइप करून करून माझं उजवं मनगट धरलंय. माउस हलवला की कळ जाते. डॉक्टरने माउस बंद करायला सांगितलं, म्हणून मी माझ्याकडे माउसशिवाय चालणारा मेनू बनवला. आता तर मला वाटतं, माउस ही एक बेकार चीज होती. तुमच्या ऑफिसात कुठे होता माउस?

तुमच्या यंत्रावरही तोच बसवला आहे. कसा चालतो ते ऐका. जागेची लांब कळ, म्हणजे स्पेसबार, दाबून ठेवा, क्षणभर. मेनू उघडेल, मोठ्या अक्षरांत. मग नावाचं पहिलं अक्षर दाबा. ‘श’ दाबलं की शेजार, ‘छ’ दाबलं की छपाई. एकच नाव उरलं की ते आपोआप उघडतं. एण्टरसुद्धा नको. आणि एक सेटिंग टाकलंय: तीच कळ लगेच दुसऱ्यांदा दाबली गेली तर यंत्र ती ऐकतच नाही. माझ्या मनगटाला मधूनच झटका येतो, त्याच्यासाठी केलं होतं. तुमच्याकडे दाण्यांसाठी चालेल.

नवीन आहे, दोन दिवस सवय करावी लागेल. मला यायची गरज नाही.

कृतिका


मयूर विहार
११ नोव्हेंबर

चि. कृतिका,

मेनू पळत नाही.

तीन दिवस थांबून मगच लिहितो आहे, कारण आधी विश्वास बसला नाही. ‘श’ म्हटलं की शेजार. पाहिजे तेवढ्या वेळा करून पाहिलं. वासंतीला उठवून आणून दाखवलं. ती म्हणाली, एवढंच होतं तर आधी का नाही केलंत? तिला काय सांगणार.

पहिलं पान पुरं झालं. बऱ्याच दिवसांनी मी वेळेवर जेवलो.

तुझ्या मनगटाला काय झालं एकदम? गरम पाण्याच्या पिशवीने शेक आणि रात्री तिळाचं तेल चोळ. या वयात असली दुखणी बरी नव्हेत. दुखतंय ते लगेच सांगावं माणसाने, अंगावर काढू नये.

फाइल मी वाचली. शेवटी एक ओळ नवी दिसली: ‘कृतिका’. पुढचा हुकूम टपालाचा आहे आणि मजकुराची जागा रिकामी. ती कशासाठी?

श्रीरंगकाका


मुनिरका
१४ नोव्हेंबर

काका,

शेक चालू आहे.

ती ओळ तुम्हाला दिसणारच होती, तुम्ही फाइल वाचल्याशिवाय काही वापरत नाही. तुम्ही मला एक गोष्ट सांगायचात. ऑफिसात सगळ्यांचे पडदे एकाच मोठ्या यंत्राला जोडलेले होते आणि एकाच्या पडद्यावरून दुसऱ्याच्या पडद्यावर ओळ पाठवता यायची. चार वाजता तुम्ही टाइप करायचात आणि टोकाच्या खोलीतल्या शांतारामकाकांच्या पडद्यावर, त्यांच्या कामाच्या अगदी मधोमध, रोमन लिपीत ‘चहा’ असं उमटायचं. साहेब उभे असले तरी. तसंच आहे हे. तुम्ही जागेची कळ धरायची, ‘क’ दाबायचं, की माझ्याकडे मेल येणार. मजकूर तुम्ही एकदाच लिहून ठेवायचा. मग दर वेळी टाइप करायला नको.

मी असं विचार करून नाही केलं काही. म्हणजे केलंय. तुम्ही कधी बोलावत नाही काका. मी येते म्हटलं की नको म्हणता. म्हणून मला वाटलं, एक कळ असावी. एवढंच.

डबा माझ्याकडेच आहे.

कृतिका


मयूर विहार
१७ नोव्हेंबर

चि. कृतिका,

समजलं. मजकूर सवडीने घालीन. बहुधा लागणार नाही. ओळ राहू दे, जागा खात नाही.

अंकाचं दुसरं पान चालू.

श्रीरंगकाका


मयूर विहार
३ जानेवारी २०२५

चि. कृतिका,

मानस काल गेला. मोठं पत्र आहे, बसून वाच. मी आठवडाभर मनात लिहीत होतो.

तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी खुर्ची टाकून बसला. मी कळ धरली, ‘श’ दाबलं, चौथं पान उघडलं. निवृत्तीची बातमी टाइप केली, फोटो आणला, छपाईला पाठवला. माउसला हात लावला नाही. तुझ्या सेटिंगने एकही अक्षर दुबार उमटू दिलं नाही. मानस बघतच राहिला. म्हणाला, बाबा, आमच्या ऑफिसातली पोरं एवढी सफाईने काम करत नाहीत. मी मनात म्हटलं, जिंकलो. दिल्ली राहिली.

आणि मग वासंतीने चहा आणून ठेवला.

मी हात मांडीवरच ठेवले. बोलत राहिलो. पत्रकाचा इतिहास सांगितला, कागदाचा भाव सांगितला, सोसायटीच्या सेक्रेटरीची नक्कल केली. मानसचा कप रिकामा झाला. माझ्या चहावर साय धरली. मला आठवत नाही मी कशाबद्दल बोलत होतो, पण मानस माझ्याकडे बघत नव्हता, कपाकडे बघत होता. मग त्याने विचारलं, बाबा, चहा घेत नाही का?

तेव्हा मला एकाएकी कंटाळा आला गं. मेनू पळतो, माउस बिघडला, हवा वाईट, चिवड्याचा दाणा. दोन-तीन महिने मी नुसता पळत होतो, आणि दोष मेनूला देत होतो. मी उजवा हात वर काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “माझा हात हलतो रे. म्हणून घेत नाही.” कप बशीवर वाजायला लागला, नुसत्या टेबलाच्या हादऱ्याने. तिघेही ऐकत बसलो.

तो ओरडेल असं वाटलं होतं. तो उठला, आत गेला, स्टीलचा पेला आणला, चहा अर्धाच ओतला आणि माझ्या दोन्ही हातांत दिला. मग बाहेर बाल्कनीत जाऊन बराच वेळ उभा राहिला. मानस लहानपणी पडला की असाच कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा.

रात्री आमचं बोलणं झालं. तो म्हणाला, बंगळूरला चला. मी नाही म्हटलं. वासंतीही नाही म्हणाली, ती एवढ्या ठामपणे बोलते हे मला माहीत नव्हतं. मग तो जे म्हणाला ते तसंच्या तसं लिहितो. म्हणाला, “मला तुमच्या हाताची भीती नाही बाबा. गोळ्या आहेत, डॉक्टर आहेत. तुम्ही सांगत नाही, त्याची भीती आहे. उद्या बाथरूममध्ये पडलात तरी म्हणाल फरशी वाकडी आहे. तुम्ही कोणाला हाक मारता, हे मला एकदा दिसू दे. मग राहा खुशाल.”

मी त्याला ‘क’ची ओळ दाखवली. त्याने फाइल वाचली, माझाच मुलगा. म्हणाला, मजकूर कुठाय? मी म्हटलं, घालायचा आहे. तो म्हणाला, बघा, तेच म्हणतोय मी.

तेव्हा असं ठरलंय: मार्चपर्यंत मुदत. तोवर मी ती कळ वापरली, खरी, कामासाठी, तर आम्ही इथेच. नाही वापरली तर तो येऊन सामान बांधणार. वासंतीला साक्षीदार नेमलंय आणि ती त्याच्या बाजूची आहे.

आता तुझ्याशी थोडं. मला तुझी माफी मागायची आहे पण ती मागता येत नाही, म्हणून नुसतं सांगतो. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली माझी गत. आणि तू बिचारी पुन्हा पुन्हा अंगण सारखं करून देत होतीस. तुझं मनगट ठणठणीत आहे हे मला नोव्हेंबरातच कळलं. अवनी दिवाळीनंतर घरी आली होती, म्हणाली कृतिकाताई रोज संध्याकाळी बॅडमिंटनमध्ये सगळ्यांना हरवते. उजव्या हाताने. तू माझी लाज राखलीस, मी तुझं खोटं राखलं.

मजकूर घातला आहे. काय तो सांगत नाही. पण कृतिका, कळ दाबणं सोपं नाही. काल बोट ‘क’पर्यंत नेलं आणि परत आणलं. काही कारण हवं ना? उगीच कशी बोलवायची कोणाला, तिची तिला कामं.

अंक निघाला. सोबत एक प्रत पाठवतो आहे. चौथ्या पानावर एक ओळ तिरकी गेली आहे. ती फाइलची चूक नाही.

श्रीरंगकाका


मुनिरका
५ जानेवारी

काका,

अंक मिळाला. तिरकी ओळ मला फार आवडली.

बॅडमिंटनबद्दल सॉरी. अवनीला मी बघून घेते.

मी लगेच निघणार होते. चप्पल घालून खाली आले होते, खालच्या घरमालकीण आंटीने विचारलंही कुठे निघालीस. मग परत वर गेले. कारण मी अशीच आले तर तुम्ही म्हणाल, ही स्वतःच आली, कळ दाबायची काय गरज. आणि मार्चमध्ये मानसदादा खोकी घेऊन येईल. मानसदादाचं बरोबर आहे. मला राग येतोय, पण त्याचं बरोबर आहे.

तेव्हा मी न बोलावता येणार नाही. हे माझ्यासाठी किती कठीण आहे तुम्हाला कळणार नाही. फोन वाजला की उडी मारते. क्लासमध्ये, मेसमध्ये, लायब्ररीत. काल बँकेचा मेल आला आणि मी सगळ्यांसमोर ‘हट्’ म्हणाले. काकू तिच्या बहिणीकडे फरीदाबादला कधी जाणार आहे? संक्रांतीनंतर ना? तेव्हा तुम्ही दोन दिवस एकटे. मला काळजी वाटते, हे सरळच लिहिते. मोठं कारण शोधत बसू नका. शांतारामकाकांना बोलवायला तुम्हाला काय कारण लागायचं?

दाबून टाका एकदाचं.

कृतिका


१९ जानेवारी २०२५

चहा टाकलाय. ये.


१९ जानेवारी २०२५

काका,

निघाले, डबा घेऊन. बोटॅनिकल गार्डनला मेट्रो बदलली की कळवते. गॅस बंद करा आणि चहा तसाच भांड्यात झाकून ठेवा. गार झाला तर होऊ दे. ओतू नका, मी आल्यावर ओतते.

कृतिका